बधिर करणारं औषध

अप्पांचं हृदय पहिल्यांदा थांबलं तेव्हा डॉक्टरीणबाईंचा हात त्यांच्या मनगटावरच होता. छातीवरचं ओझं आता जरा हलकं झालंय, असं अप्पा त्यांना कन्नडात सांगत होते. सांगता सांगता वाक्य मध्येच तुटलं. मान कलंडली आणि घशातून घोरल्यासारखा आवाज आला. प्रवासाच्या दगदगीनं झोप लागली असेल असं मला वाटलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र मला कोपरानं बाजूला सारलं आणि मूठ वळून अप्पांच्या छातीवर जोरात हाणली. माय किंचाळली, "अवं बाई, मारायलाव कामून त्यांला?"

सिस्टर चाकाचं यंत्र ढकलत घेऊन आली. दोन वाटोळ्या चकत्या छातीला लावल्या, सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं आणि अप्पांचं अंग खाटेवरून उसळून परत खाली आदळलं. मग पुन्हा एकदा. मी मायचा दंड धरून भिंतीला टेकले होते. काचेच्या पडद्यावर वेडीवाकडी थरथरणारी हिरवी रेघ एकदम सरळ झाली आणि मग हळूहळू तिला टोकं फुटायला लागली. डॉक्टरीणबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "बंदरु." म्हणजे आले. मायला कन्नड बोलता येत नसे, पण तेवढं कळलं. ती तिथंच फरशीवर बसली.

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात आम्ही त्याच दिवशी दुपारी पोचलो होतो. अप्पा तालुक्याच्या कोर्टात कारकून होते. पद कारकुनाचं असलं तरी त्यांची खरी गरज साक्षी चालू असताना लागायची. आमच्या गावचा, मंठाळचा शेतकरी मराठीत बोलायचा, गल्लीतला अत्तारवाला दखनीत, साहेब मात्र म्हैसूरकडचे, त्यांना कन्नड आणि इंग्रजीपलीकडं काही येत नसायचं. अप्पा मध्ये उभे राहून इकडचं तिकडं करायचे. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेला, घरी मराठी बोलणारा माणूस. पुढं आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि नोकरी टिकवायला त्यांनी कन्नड लिहायला-वाचायला शिकून घेतलं. आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला तोही त्याच सुमाराला. अप्पा म्हणायचे, "एका सालात राज बदललं, धरम बदलला आन् अक्षरं बी बदलली. बायको तेवढी तीच ऱ्हायली." माय यावर कधी हसायची नाही, आम्ही पोरं मात्र हसायचो.

हे ज्या दिवसांचं सांगते आहे तेव्हा म्हैसूरचं कर्नाटक होऊनही दहा-बारा वर्षं झाली होती. मी हुलसूरच्या शाळेत मास्तरीण होते आणि सुट्टीला घरी आले होते. अप्पा कोर्टात एका म्हाताऱ्या बाईची साक्ष साहेबांना सांगत होते. बांधावरच्या आंब्याची भांडणं. बाई रडत रडत बोलत होती आणि अप्पांनी मध्येच हात वर करून तिला थांबवलं. लोकांना वाटलं, तिचं बोलणं त्यांना कळलं नाही. ते कठड्याला धरून खाली बसले, घामानं सदरा भिजला. वकिलाच्या जीपमधून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं एक सुई दिली आणि गुलबर्ग्याला न्यायला सांगितलं. रस्ताभर अप्पा शुद्धीत होते. खड्डा आला की डोळे मिटायचे, एवढंच.

तर असे आम्ही तिथं पोचलो आणि पोचल्यावर काही वेळातच हे झालं.

डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या असतील. बुटक्या, सावळ्या, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. दक्षिणेकडून बदली होऊन आलेल्या. मराठी समजत नसे, हिंदी मोडकी. मला अप्पांनी घरीच कन्नड शिकवलं होतं, म्हणून त्या माझ्याशी बोलत. अप्पा परत आल्यावर त्यांनी सलाईनच्या बाटलीत एक औषध सोडलं आणि त्याचे थेंब मोजून बसवले. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "ह्यांच्या हृदयाचा एक तुकडा मेलाय. त्याच्या कडेला जो जिवंत भाग आहे तो चिडलेला आहे. तो मध्येच चुकार ठोके टाकतो. असे चुकार ठोके एकामागोमाग आले की मघासारखं होतं. हे औषध त्या भागाला शांत ठेवतं. दात काढताना हिरडी बधिर करायला सुई देतात ना, तेच हे."

मी मायला मराठीत सांगितलं. मायनं एकदा दाढ काढून घेतली होती. ती म्हणाली, "म्हंजी काळजाला बधिर करायलेत?"

"व्हय माय, जराशीक."

"करू दे. दुखणार न्हाई मग."

त्या संध्याकाळी अप्पा चांगले बोलले. आवाज खोल गेला होता, पण शब्द जागेवर होते. छाती का दुखते म्हणून विचारलं. डॉक्टरीणबाईंनी मूठ मारल्याचं मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात एवढा जोर?" मायला म्हणाले, "तू जेव जा. माझ्याकडं बघून पोट भरंल का?" बसवकल्याणहून मामा भाकरी घेऊन आले होते. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ, त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते अप्पांचे पाय चेपत बसले आणि आम्ही दोघी व्हरांड्यात जेवलो. मला आठवतं, मी पोटभर जेवले. धोका टळला असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांची जीभ जड झाली. आधी ते म्हणाले, "ओठ माझे न्हाईत." मला वाटलं थट्टा करायलेत. मग ओठांना बोट लावून लावून बघायला लागले, जसं काही तिथं दुसऱ्याचं काही चिकटवलंय. कानात कुणीतरी शिट्टी वाजवतंय म्हणाले. आणि दुपारपर्यंत बोलणंच बिघडलं. मायशी कन्नडात बोलायला लागले, तेही कोर्टातलं कन्नड, साक्षीदाराला हाक मारा, खरं सांगेन म्हणून शपथ घ्या, असलं. ती बिचारी "काय म्हणायलाव, काय म्हणायलाव" करत त्यांच्याजवळ वाकायची. डॉक्टरीणबाई आल्या तर त्यांना मंठाळच्या मराठीत म्हणाले, "पोरी, बैलं सोडली का ग?" मामांकडं बघून उर्दूत कसली तरी कैफियत सांगायला लागले. तिन्ही भाषा शाबूत होत्या, पण ज्याची त्याला मिळत नव्हती. आयुष्यभर ज्या माणसानं प्रत्येकाला त्याच्या भाषेत बोलून दिलं, त्याचं असं झालेलं बघवत नव्हतं. मधूनच डाव्या हाताची बोटं आपोआप उडायची.

मामा मला व्हरांड्यात घेऊन गेले. "डोकं गेलं बाळ दाजींचं. हृदय बंद पडलं तवा मेंदूला रगत पोचलं न्हाई. आमच्या गल्लीत एकाचं असंच झालं. वाचला, पर खुळा झाला." माय मागं येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "खुळं असंना. घरी बसून ऱ्हायले तरी चालतंय. मी घास भरवीन."

डॉक्टरीणबाईंना मी मामांचं म्हणणं सांगितलं. त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हृदय थांबून मेंदूला इजा होते हे खरं. पण तसं असतं तर काल संध्याकाळी ते एवढं नीट कसे बोलले? काल चांगले होते आणि आज बिघडले. मला औषधाचा संशय येतो. लिव्हर औषध बाहेर टाकतं, पण हृदय थकलेलं असलं की लिव्हरही मंद चालतं. औषध अंगात साठत जातं आणि मेंदूला बधिर करायला लागतं. पुढं फिटही येऊ शकते. पण खात्री नाही. रक्तातलं औषध मोजायची सोय इथं नाही."

"मग कमी करा ना," मी म्हटलं.

"कमी केलं तर चुकार ठोके परत येतील. त्यात अपाय आहे."

कन्नडात 'अपाय' म्हणजे संकट. मराठीत तो शब्द इतका भारी नाही. मायला सांगताना मी थबकले आणि मग 'धोका' म्हटलं.

"धोका म्हंजी?" माय म्हणाली. "सरळ सांग."

"काल झालं तसं परत व्हायचा धोका."

"मग न्हाई. त्यांला सांग, हात लावू नका बाटलीला. बोलणं बिघडू दे, काळीज चालू दे."

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगत असतानाच आत अप्पांचा हात, खांदा आणि तोंडाची एक बाजू एकदम झटके द्यायला लागली. सिस्टर धावली. डॉक्टरीणबाईंनी झटका थांबवायची सुई दिली आणि स्वतःच्या हातानं बाटलीच्या नळीची चिमटी आवळली. औषधाचे थेंब बंद झाले. माय माझा हात ओढत होती. "बंद केलं का? बंद केलं का ग त्यांनी?" बाई मायकडं वळून मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "अभी देना नहीं होता, अम्मा. अभी यही जहर है."

सुईच्या गुंगीत अप्पा झोपले. उठले तेव्हा पहिल्यांदा पाणी मागितलं, मराठीत, मायकडं. मग मला म्हणाले, "मी लई वंगाळ बोललो का काही?"

"न्हाई अप्पा. शपथ घ्यायला लावली सगळ्यांला."

ते हसले. माय रडायला लागली. डॉक्टरीणबाईंचा अंदाज खरा ठरला होता. मेंदू शाबूत होता. पण त्याच वेळी पडद्यावरची रेघ बिघडायला लागली होती. नीट चालता चालता मध्येच एक रुंद, बेढब टोक यायचं, मग दोन, मग जरा वेळ काही नाही. डॉक्टरीणबाई त्या पडद्यासमोर स्टूल घेऊन बसल्या आणि उठल्याच नाहीत.

पुढचे दोन दिवस त्यांनी मधला मार्ग शोधला. औषध निम्म्यावर आणलं. निम्म्यावर चुकार ठोके निम्मे व्हायचे आणि अप्पांची अक्कलही निम्मी राहायची. वाक्याची सुरुवात नीट करायचे आणि शेवट भलतीकडंच जायचा. ओठ बधिर, बोटांना थरथर. दुसरं एक औषध होतं, पण ते गुलबर्ग्यात कुठल्याच दुकानात मिळेना. डॉक्टरीणबाईंनी मामांना त्याचं नाव लिहून दिलं आणि मामा गाडीनं सोलापूरला गेले. दिवसभर फिरून एका मोठ्या दुकानातून औषध घेऊन परत आले. ते येईपर्यंत माय दवाखान्याच्या फाटकापाशी जाऊन उभी राहायची आणि परत यायची. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको तिला म्हणाली, "अक्का, दर्ग्याला चादर बोल." माय म्हणाली, "आम्ही नवस सोडले बाई." पण तोंडातल्या तोंडात ती त्रिशरण म्हणत असायची.

सोलापूरचं औषध डॉक्टरीणबाईंनी फार सावकाश द्यायला सुरुवात केली. एक हात नळीवर, एक हात अप्पांच्या नाडीवर. आधी बरं वाटलं. रेघ गुळगुळीत झाली. मामा तर म्हणाले, "जिंकली बाजी." मग अप्पा पांढरे पडले. कपाळावर, मानेवर थंड घाम. सिस्टरनं रक्तदाब सांगितला आणि डॉक्टरीणबाईंनी तत्काळ ते औषध तोडलं. खाटेचा पायथा उंच केला, दुसऱ्या सुया दिल्या. अप्पा सावरले, पण बाईंचा चेहरा उतरला होता. मला म्हणाल्या, "ह्यांचं हृदय ते औषध सोसू शकत नाही. अजून एक आहे, पण तेही थकलेल्या हृदयाला आणखी मंद करतं. आता माझ्याकडं पहिलंच राहिलं."

मामांनी उरलेल्या बाटल्या पिशवीत परत ठेवल्या. इतक्या लांबून आणलेल्या. त्यांना काय करावं कळेना, पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई स्टूल ओढून अप्पांच्या जवळ बसल्या. रात्रीपासून औषध बंद होतं आणि अप्पा पूर्ण शुद्धीत होते. त्या म्हणाल्या, "अप्पा, आजवर मी तुमच्याबद्दल तुमच्या लेकीशी बोलले. आज तुमच्याशी बोलते." आणि त्यांनी सगळं सांगितलं. औषध पुन्हा पूर्ण चालू केलं तर ठोके बहुतेक सांभाळले जातील. काही दिवसांत हृदयाचा चिडलेला भाग आपोआप निवेल, मग ते बंद करता येईल. पण तोवर डोकं गुंगीत राहील, झटके येतील, आणि झटक्यातही जीव जाऊ शकतो. औषध बंद ठेवलं तर डोकं स्वच्छ राहील, पण चुकार ठोके जोडीनं आले तर हृदय पुन्हा थांबेल आणि दर वेळी ते परत आणता येईलच असं नाही. "मला स्वतःला विचाराल तर अगदी थोडं द्यावं असं वाटतं," त्या म्हणाल्या. "पण थोड्यानंही तुमचं डोकं गढूळ होतं हे मी बघितलंय."

माय खाटेच्या पलीकडच्या बाजूला होती. "काय म्हणायलेत?" तिनं मला विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अप्पांनी हात हलवून मला थांबवलं आणि तिच्याकडं तोंड केलं. कोर्टात करायचे तसंच त्यांनी डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं तिला मराठीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही, एक पदरचा घातला नाही. "डॉक्टर म्हणतेत की पेशंटचं हृदय पुन्यांदा थांबू शकतंय. डॉक्टर म्हणतेत की पेशंट मरू शकतोय." दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. मायनं पदर तोंडात धरला होता.

सांगून झालं. माय काहीतरी बोलायला लागली. "मी म्हणते..." पण अप्पांनी मान डॉक्टरीणबाईंकडं वळवली होती आणि ते कन्नडात म्हणाले, "ब्याड."

नको. आमच्या सीमेवर हा शब्द शेंबड्या पोरालाही कळतो. भाजीवालीपासून बस कंडक्टरपर्यंत सगळे म्हणतात. मायला तो कळण्यासाठी कुणाची मदत लागली नाही. ती उठली आणि बाहेर गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विचार करून सांगा. घाई नाही."

"विचार केलाय," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडं बघून मराठीत, "त्या औषधात मला सगळं ऐकू यायलतं ग. तुझी माय रडायलेली ऐकू यायची. मी बोलाया जायचो एक आन् तोंडातून दुसरंच निघायचं. साक्षीदार गळा फोडून सांगायलाय आन् मधला माणूस भलतंच सांगायलाय, तसं. मला पुन्यांदा तिथं धाडू नका."

"पर अप्पा, थोडेच दिवस," मी म्हटलं.

"थोडे असतील. त्यातच गेलो तर?"

डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ त्यांचा हात हातात धरला. यंत्र खाटेशेजारी आणून ठेवायला सांगितलं आणि औषधाच्या सुया भरून ताटलीत तयार ठेवल्या, लागल्याच तर.

माय संध्याकाळी आत आली, पण अप्पांशी बोलली नाही. त्यांचं तोंड पुसलं, पेज भरवली, पाठीखाली पंच्याची घडी सारखी केली. सगळं केलं, फक्त बोलली नाही. अप्पांचं डोकं आता आरशासारखं लख्ख होतं. ते तिच्याशी बोलत होते. मंठाळच्या शेतातल्या विहिरीचं बोलले, माझ्या लग्नाचं बोलले, तिच्या गुडघ्याचं विचारलं. ती "हूं" सुद्धा म्हणेना. मामा तिला बाजूला घेऊन रागावले, "अक्का, हे काय लावलंस? माणूस कसल्या अवस्थेत हाय अन् तू..." ती म्हणाली, "त्यांनी मला ईचारलं का? जलमभर लोकांचं ईचारून ईचारून सांगितलं. माझं ऐकायला थांबले का?"

ते अख्खे दोन दिवस तसेच गेले. ज्या शुद्धीसाठी अप्पांनी औषध नाकारलं, ती शुद्ध मायच्या गप्प तोंडाकडं बघण्यात खर्च झाली. माझ्याशी ते पुष्कळ बोलले. आंब्याच्या भांडणातल्या त्या म्हाताऱ्या बाईचं काय झालं असेल म्हणाले. आपल्या जागी बसलेल्या नव्या कारकुनाला तिची मराठी समजणार नाही, तिचं खरं खोटं होऊन बसेल, याची त्यांना काळजी होती. मी म्हटलं, आता कोर्टाचं कशाला? तर म्हणाले, "मग कुणाचं? तुझी माय तर बोलंना."

तिसऱ्या दिवशी दुपारी मायनं तेलाची वाटी आणली. त्यांचे पाय कोरडे पडून भेगाळले होते. ती पायथ्याशी बसून तळव्यांना तेल चोळायला लागली आणि खाली मान घालूनच म्हणाली, "एवढे कसे वाळले पाय? घरी गेल्यावर कोमट पाण्यात ठेवाया पायजेत." तिचं पहिलं वाक्य. अप्पांचे डोळे भरले. म्हणाले, "ठेव की. कोण नको म्हणायलंय?"

आणखी दोन-चार वाक्यं झाली असतील. कुठल्या हंड्यात पाणी तापवायचं, बंब गळतो, असलीच. मी खिडकीत उभी होते. पडद्यावर बेढब टोकं एकापाठोपाठ एक यायला लागली, मग दाट झाली, मग रेघ नुसतीच थरथरायला लागली. सिस्टर माझ्या आधी धावली. मायच्या हातात अजून तो पाय होता. तिला उचलून बाजूला करावं लागलं.

डॉक्टरीणबाई आल्या. यंत्र लावलं, पुन्हा लावलं. छाती दाबली. ताटलीतल्या सुया एकेक करून दिल्या, ते बधिर करणारं औषधही दिलं, आता नको म्हणायला अप्पा नव्हते. एकदा रेघेला टोकं फुटली. बाई काहीतरी म्हणायला वळल्या आणि तेवढ्यात ती पुन्हा गेली. नंतर बराच वेळ त्या थांबल्या नाहीत. सिस्टरनं त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा थांबल्या. मला वाटलं होतं माय आता हंबरडा फोडेल. ती नुसती उभी राहिली, तेलाचे हात अंगापासून लांब धरून. मग अप्पांच्या जवळ जाऊन त्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "झालं मनासारखं?"

अप्पांना आम्ही मंठाळला नेलं. पांढऱ्या कपड्यातली माणसं वेशीपासून होती. वंदना झाली, लोक अप्पांबद्दल चांगलं बोलले. कोर्टातले वकील आले, अत्तारवाला आला, लिंगायत गल्लीतली दुकानदार मंडळी आली. प्रत्येक जण ज्याच्या त्याच्या भाषेत त्यांच्याबद्दल सांगत होता. माय कोपऱ्यात बसून होती. बायका रडायला येत, गळ्यात पडत. माय रडली नाही. माणूस गेल्याचं दुःख मी पुष्कळ घरांत बघितलंय. गेलेल्या माणसावरचा राग मी फक्त मायजवळ बघितला. वर्ष उलटलं तरी तो गेला नाही. अप्पांचा फोटो भिंतीवर होता, त्याला ती फूल वाहायची आणि वाहतानाही कपाळाला आठी असायची. मी चुकून "अप्पांनी ठरवलं" असं म्हटलं की म्हणायची, "व्हय, त्यांनी ठरवलं. मी कोण?"

मला विचाराल तर मी तेव्हा कुणाच्या बाजूनं होते? मला अजून सांगता येत नाही. मायचं ऐकलं असतं तर अप्पा कदाचित घरी आले असते. कदाचित झटक्यातच गेले असते, आपल्याच बोलण्यात अडकून. हे दोन्ही मी इतक्या वेळा मनात चालवून बघितलंय की आता दोन्ही खरंच घडून गेल्यासारखं वाटतं.

काही वर्षांनी माझी बदली गुलबर्ग्याजवळ झाली. शाळेतल्या एका पोरीला घेऊन दवाखान्यात गेले तर तिथं त्याच डॉक्टरीणबाई भेटल्या. केस पिकले होते. त्यांनी मला ओळखलं नाही, पण अप्पांचं सांगितल्यावर एकदम म्हणाल्या, "कोर्टातले. मला बैलं सोडली का म्हणून विचारलं होतं, तेच ना? त्याचा अर्थ मी नंतर सिस्टरला विचारला होता." मग म्हणाल्या, "ते औषध आता आम्ही तसं सरसकट देत नाही. ठोके कमी होतात, पण त्यानं माणसं जास्त जगतात असं काही दिसत नाही, असं आता मोठे डॉक्टर म्हणतात. काहींना तर अपायच होतो."

"म्हणजे अप्पांनी बरोबर केलं?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "एका माणसाबद्दल तसं सांगता येत नाही. त्यांच्या ताटलीत मी ते औषध भरून ठेवलं होतं. ते गेले त्या दिवशी सकाळीच, न विचारता, द्यायला हवं होतं का, हे मी अजून मनाला विचारते." त्यांना आत कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

त्या सुट्टीत घरी गेल्यावर मी मायला हे सांगितलं. तिला जरा हलकं वाटेल असं वाटलं होतं. ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबवून तिनं ऐकून घेतलं.

"आता म्हणायलेत?" ती म्हणाली.

"व्हय. आता कळलं त्यांला."

"तवा म्हाईत नव्हतं?"

"न्हाई माय. तवा कुणालाच म्हाईत नव्हतं."

"मग तुझ्या अप्पांला तरी कुठं म्हाईत होतं? त्यांनी म्हाईत नसताना न्हाई म्हटलं आन् मी म्हाईत नसताना व्हय म्हणायलते. दोघंबी आंधळे. मग माझंच का ऐकू नये?" तिनं सूप पुन्हा हलवायला सुरुवात केली.

नंतर तिलाही हृदयाचंच दुखणं लागलं. पायांना सूज, जिना चढताना धाप. मामांनी आणि मी तिला आळीपाळीनं डॉक्टरकडं नेलं. ती कुठल्याही औषधाला कधी नको म्हणाली नाही. कडू, गोड, पोट बिघडवणारं, झोप उडवणारं, सगळं गिळायची. एका गोळीनं तिला सतत मळमळायचं, अन्न दिसलं की ओकारी यायची, म्हणून डॉक्टरांनी ती बदलूया का असं तिला विचारलं. ती म्हणाली, "असू द्या, घेते मी." शेवटचे काही महिने तिचे फार हाल झाले. त्या गोळ्यांनी ती किती जास्त जगली आणि किती जास्त सोसलं, हे मला माहीत नाही. पावसाळा संपता संपता एका सकाळी मी तिला औषध द्यायला गेले तेव्हा ती उशीला पाठ लावून बसलेली होती. सकाळच्या दोन गोळ्यांपैकी एक मी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती तोंडात टाकली, पाणी प्याली आणि म्हणाली, "दुसरी कुठाय?" त्या दुपारी ती गेली.